त्याची शिफ्ट तीच, मग तुमची का बदलली?

ताई, नमस्कार.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. ठेकेदाराकडून लागले, सात वर्षं झाली. आमच्याकडे दुसरी शिफ्ट दुपारी साडेतीन ते रात्री बारा. बाहेरच्यांना वाटतं, ही शिफ्ट बायकांना नको असेल. पण आम्ही ती मागून घ्यायचो. सकाळी घरचं आवरून, मुलांना शाळेत घालवून जाता येतं, भत्ता वेगळा मिळतो आणि ओव्हरटाइम निघतो तो त्याच शिफ्टला.

आमचा शिफ्ट इन्चार्ज कंपनीचा परमनंट माणूस आहे. गेलं वर्षभर तो त्रास देत होता. आधी रात्रीचे मेसेज, मग लेबल तपासायच्या निमित्ताने मागे येऊन अंगाला अंग लावणं. सात आठवड्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीनंतर मी कार्टन आणायला स्टोअरमध्ये गेले तेव्हा त्याने रॅकच्या आड मला धरलं आणि नको तिथे हात लावला. मी ढकलून पळाले. दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाल्या, काळजी करू नका, कंपनी बघेल.

चार दिवसांनी नोटीस लागली. ‘महिला कामगारांच्या सुरक्षेच्या दृष्टीने’ आम्हा सगळ्या बायकांना सकाळच्या शिफ्टला टाकलं. भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला. तो माणूस होता तिथेच आहे. बायका माझ्याशी बोलत नाहीत. एकीने तोंडावर म्हटलं, तुझ्यापायी आमच्या पोटावर पाय आला. एचआरवाले आता म्हणतात, तो माफी मागायला तयार आहे, विषय मिटवून टाकू. नवरा टेम्पो चालवतो, स्वभावाने चांगला आहे. तो म्हणतो, नको ते काम, घरी बस, मी आहे ना.

मी तक्रार मागे घेऊ का? घेतली तर शिफ्ट परत मिळेल का?

(नाव छापू नये)

---

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट, कारण तिला मुदत आहे. तुम्ही जी तक्रार मागे घ्यायचं म्हणताय, ती कायद्याच्या लेखी अजून झालेलीच नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यात तक्रार घेण्याचं काम एचआरला दिलेलं नाही, ते अंतर्गत समितीचं आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे ही समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्रीच असावी लागते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया लागतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची, म्हणजे स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची माहिती असलेली लागते. तुमच्या मॅडम कदाचित त्या समितीवर असतीलही. तरी केबिनमध्ये बसवून, पाणी देऊन ऐकून घेतलं म्हणजे तक्रार नोंदली गेली असं होत नाही. तक्रार लेखी द्यावी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. प्रकार पुन्हा पुन्हा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरतात. तुमचे सात आठवडे गेले. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण तो तिचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. त्या भरवशावर राहू नका. ‘मिटवून टाकू, बघू, साहेब गावाला गेलेत’ असं करत हे उरलेले आठवडे निघून जावेत अशी कोणाची तरी सोय असू शकते. मी तुमच्या एचआरवर आरोप करत नाही. पण मुदत संपली की कंपनीपुढचा प्रश्न आपोआप सुटतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आता त्या नोटिशीबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला सगळ्यात जास्त संताप आणणारा भाग मला तोच वाटला. एका पुरुषाने एका बाईला स्टोअरमध्ये धरलं. कंपनीने त्यावर विचार केला आणि ठरवलं की बायका काढाव्यात. त्याला नाही, स्टोअरमधल्या त्या अंधाऱ्या रॅकला नाही, रात्री एकटीला कार्टन आणायला पाठवायच्या पद्धतीला नाही. बायकांना. वर त्याला सुरक्षेचं नाव दिलं. त्याने केलं ते वाईटच. पण त्याची किंमत तुमच्या पगारातून, आणि तुमच्याबरोबर ज्यांनी काही पाहिलंही नाही त्यांच्याही पगारातून वसूल झाली, ती या नोटिशीमुळे. बायका तुमच्यावर चिडल्या त्यातही नवल नाही. त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं की हिने तोंड उघडलं आणि आपला भत्ता गेला. उद्या त्यांच्यातल्या एखादीला कोणी हात लावला तर ती काय करेल? गप्प बसेल. ही नोटीस तुमच्या मॅडमनी चांगल्या हेतूने काढली असेल असं धरून चालू, पण तिचा परिणाम हाच आहे.

हे तुमच्याच कंपनीत घडतंय असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. सगळा देश रस्त्यावर आला. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने ज्या उपाययोजना जाहीर केल्या त्यांत एक होती : शक्य असेल तिथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर सरकारला चांगलंच फटकारलं. स्त्रिया विमानं चालवतात, सैन्यात रात्री काम करतात. सुरक्षा देणं तुमचं काम आहे, बायकांनी रात्री काम करू नये असं तुम्ही सांगू शकत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. सरकारला ते कलम मागे घ्यावं लागलं. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, हेच न्यायालय दिल्लीच्या हॉटेलांच्या खटल्यात असं बोललं होतं. जिथे दारू प्यायली जाते तिथे स्त्रियांना नोकरीवर ठेवू नये असा १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातला नियम होता. स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून त्यांच्या हातातलं काम काढून घेता येणार नाही, काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करा, असं म्हणून तो नियम न्यायालयाने टिकू दिला नाही.

आणि आपल्याकडे? २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बार बंद झाले तेव्हाही कारण स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं होतं. ती कारणं देणाऱ्यांपैकी कितीजणांनी विचारलं की या बायका आता खातील काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत त्यांच्या चुली कशा पेटल्या हे कोणत्याही निकालपत्राला भरून देता येत नाही. कारखान्यांत तर १९४८ च्या कायद्यानेच संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बायकांना बंदी होती. ती बंदी सैल झाली, आता दिशा उलटी आहे : बाईची संमती असेल तर ती रात्री काम करू शकते, आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची. तुमच्या नोटिशीने तो जुना काळ तुमच्या गेटच्या आत परत आणला.

तर उत्तर असं. तक्रार मागे घेतल्याने शिफ्ट परत येईल असं कोणी तुम्हाला लिहून दिलंय का? नाही ना. उलट तक्रारच राहिली नाही तर त्या नोटिशीविरुद्ध बोलायला तुमच्याकडे आधारच उरत नाही. शिफ्ट परत मिळवायची असेल तर तिचा रस्ता तक्रारीतूनच जातो. कसा, ते सांगते.

आधी गेटजवळ किंवा टाइम ऑफिसबाहेर जो बोर्ड असतो तो बघा. समिती नेमल्याचा आदेश आणि या छळाचे कायदेशीर परिणाम काय होतात हे ठळक ठिकाणी लावणं कंपनीवर बंधनकारक आहे. सेफ्टीच्या पोस्टरशेजारी किंवा कॅन्टीनच्या भिंतीवर ते सापडेल. फोटो काढून घ्या. त्यात समितीची नावं असतील तर बाहेरच्या सदस्येचं नाव शोधा आणि शक्य असेल तर आधी तिच्याशी बोला. तिचा पगार तुमच्या कंपनीतून निघत नाही. बोर्डच नसेल, समितीच नसेल, तर तीही तक्रारीची गोष्ट आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अशा वेळी जिल्हा अधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कायद्याखाली जिल्ह्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे लेखी कळवायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारलं की ते कोण हे कळतं. केंद्र सरकारचं ‘शी-बॉक्स’ नावाचं पोर्टल आहे, तिथूनही तक्रार टाकता येते.

मग अर्ज. बहुतेक अर्ज इथेच पडतात. बायका लाजेने लिहितात : ‘सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ यातून काहीही कळत नाही. गैरवर्तन म्हणजे तो ओरडला, की अंगावर आला? समितीतल्या माणसांना आणि पुढे कदाचित अपील ऐकणाऱ्यांना तुमच्या जागी उभं राहून बघता आलं पाहिजे. असं लिहा :

‘अमुक तारखेला मी दुसऱ्या शिफ्टला होते. रात्री साडेआठची जेवणाची सुट्टी संपल्यावर लाइनवरचे कार्टन संपले म्हणून मी स्टोअरमध्ये गेले. श्री. अमुक तिथे आधीपासून उभे होते. त्यांनी मागून माझ्या कमरेला हात घातला, मला रॅककडे ओढलं आणि माझ्या छातीला हात लावला. मी “सोडा” असं म्हणून त्यांना ढकललं आणि बाहेर आले. लाइनवर परत आल्यावर माझे हात थरथरत होते, हे शेजारी काम करणाऱ्या अमुक यांनी पाहिलं आणि काय झालं असं विचारलं.’

शरीराच्या भागाचं नाव लिहायला हात अडखळेल. तरी लिहा. तुम्ही लिहिलं नाहीत तर चौकशीत दहा माणसांसमोर तोंडाने सांगायची वेळ येईल, आणि ते जास्त जड जातं. शेवटच्या घटनेआधीचे मेसेज, लेबल तपासायचे प्रसंग, जेवढे आठवतात तेवढे तारखेसह लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आदल्या आठवड्यात’ असंही चालतं. खोटी अचूक तारीख टाकू नका. फोनमधले मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. अर्जात एक ओळ अशीही हवी की स्टोअरच्या आणि त्याबाहेरच्या पॅसेजच्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवावं. सात आठवड्यांत ते पुसलं गेलंही असेल, पण मग ते का जपलं नाही याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल, कारण तुम्ही दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

अर्ज मराठीत लिहा. सहा प्रती द्यायच्या असतात. जोडलेली कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्तेही द्यायचे. सातव्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. लिहिताना अडलं तर मदत करणं हे समितीचंच कर्तव्य आहे, आणि बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अर्ज त्यांना दाखवून घ्या. समितीपुढे मात्र वकील उभा करता येत नाही. त्यालाही नाही, हे लक्षात ठेवा. तो परमनंट आहे, त्याच्यामागे कोण कोण आहे, ही भीती इथे थोडी कमी होते.

आता शिफ्टचा मुद्दा. चौकशी चालू असताना, तुम्ही लेखी मागितलंत तर, समिती मालकाला सुचवू शकते की दोघांपैकी एकाची बदली करा, किंवा बाईला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. तुमच्या कामावर त्याने शेरा मारायचा नाही, तुमच्या कामाचा अहवाल त्याने लिहायचा नाही, असंही सांगू शकते. कायद्याच्या त्या कलमात मला एक गोष्ट नेहमी खुपते : बदलीच्या वाक्यात ‘पीडित स्त्री किंवा प्रतिवादी’ (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) असं लिहिलंय, स्त्री आधी. जिथे कोणी काही मागत नाही तिथे कंपन्या सोपं ते करतात, आणि ठेक्यावरची बाई हलवणं परमनंट इन्चार्ज हलवण्यापेक्षा सोपं असतं. म्हणून अर्जात स्वच्छ लिहा : ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रतिवादीला दुसऱ्या शिफ्टवरून व माझ्या विभागातून हलवावे. माझी शिफ्ट माझ्या संमतीशिवाय बदलण्यात आली असून ती मला परत मिळावी.’ सोबत दोन पगारपत्रकं जोडा, नोटिशीच्या आधीच्या महिन्याचं आणि नंतरच्या महिन्याचं. शिफ्ट भत्त्याच्या आणि ओव्हरटाइमच्या रकान्यात आधी आकडा आणि नंतर शून्य, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तक्रार सिद्ध झाली तर मनस्ताप, औषधपाण्याचा खर्च आणि कामातली गेलेली संधी धरून भरपाई ठरते, ती त्याच्या पगारातून कापता येते. तेव्हाही हे कागद लागतील.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, नंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर मालकाने साठ दिवसांत अंमल करायचा. कागदावर तरी असं आहे. प्रत्यक्षात लांबतं. लांबलं की लेखी विचारा.

‘माफी मागेल, मिटवू’ याबद्दल थोडक्यात. समझोता करता येतो, पण तो फक्त तुम्ही मागितलात तर. एचआरला, ठेकेदाराला, युनियनच्या पुढाऱ्याला तो सुचवायचा काही अधिकार नाही, आणि पैसे देऊन तर तो करताच येत नाही. एकदा समझोता लिहून झाला की त्या प्रकरणाची चौकशी होत नाही. तुम्हाला त्याच्याकडून माफीच हवी असेल आणि तेवढ्याने मन शांत होणार असेल तर तो तुमचा निर्णय. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही म्हणून मी म्हणते, कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘फक्त हजेरीसाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावरही नाही.

ते असंही म्हणतील की सिद्ध झालं नाही तर तुमच्यावरच कारवाई होईल. हे अर्धवट आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं चौकशीत ठरलं तरच कारवाई होते. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं नाही. कायद्यातच तसं लिहिलंय.

तुम्ही ठेक्यावर आहात, त्यामुळे हे आपल्याला लागू होतं का, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. होतं. रोजंदारी, कंत्राटी, तात्पुरती, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा या कायद्यात येते, आणि कंपनीने दिलेली बसही कामाची जागा धरली जाते. हा कायदा मुळात उभा राहिला तोच अशा एका बाईमुळे. राजस्थानात जयपूरजवळच्या भटेरी गावातल्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, मानधनही तुटपुंजं. बालविवाह रोखणं हे त्यांच्या कामाचाच भाग होतं. ते केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण काम करताना बाईवर हे ओढवलं तर काम देणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न घेऊन स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक सूचनांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं लागली. भंवरीदेवींना स्वतःला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. तुम्ही ज्या समितीपुढे जाल ती मात्र त्यांच्यामुळे आहे.

तरी ठेकेदार उद्या ‘येऊ नको’ म्हणू शकतो, हे मी लपवणार नाही. तसं झालं तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. त्याच दिवशी समितीला आणि ठेकेदाराला मेसेजवर का होईना लिहून कळवा की अमुक वेळी अमुक माणसाने मला कामावर येऊ नको असं सांगितलं. मग विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाला गाठा.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे आणि तो तुम्ही समितीच्या आधी, नंतर किंवा सोबतही घेऊ शकता. तुमच्या बाबतीत घडलं ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ आणि ७५ खाली गुन्हा ठरू शकतं. अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि हद्द आमची नाही असं सांगून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही. तुम्हाला फिर्याद द्यायची असेल तर मदत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. द्यायची की नाही हे मात्र तुम्हीच ठरवा. कोर्टाचे खेटे काय असतात हे माहीत असूनही काहीजणी जातात, काहीजणी नाही जात, आणि न जाणारीला भित्री म्हणायचा कोणाला अधिकार नाही.

लाइनवरच्या बायकांचं काय करायचं? त्यांची मनधरणी करू नका, तुमची बाजूही पटवत बसू नका. तक्रारीतला तपशील बाहेर सांगायचा नसतो, ते कायद्यातही आहे आणि तुमच्या हिताचंही आहे. पण शिफ्टवर बोलायला कोणाची बंदी? ज्या एकीशी अजून बोलणं आहे तिला गाठा आणि एक वेगळा अर्ज सगळ्यांच्या नावाने करा. त्यात तुमच्या तक्रारीचा उल्लेखही नको : आम्हाला न विचारता आमची शिफ्ट बदलली, त्यामुळे भत्ता व ओव्हरटाइम गेला, दुसऱ्या शिफ्टला काम करायला आमची संमती आहे, ती शिफ्ट परत द्यावी आणि सोबत स्टोअरमध्ये पुरेसा उजेड, रात्री सामान आणायला जोडीने जाण्याची पद्धत, शिफ्ट सुटल्यावर घरापर्यंत गाडी व शिफ्टवर एक महिला सुपरवायझर द्यावी. सही करताना जी म्हणाली ‘तुझ्यापायी पोटावर पाय आला’ तीच पहिली पुढे आली तर आश्चर्य मानू नका. तिचा राग पगाराचा आहे, आणि पगार कोणी कापला हे कागदावर दिसलं की राग आपोआप योग्य दारात जातो. वर्षभर एकाच बाईच्या मागे लागून तो थांबला असेल, याचीही मला खात्री वाटत नाही. कोणी आपणहून काही सांगितलं तर तिला समितीचं नाव द्या, तिच्या वतीने तुम्ही बोलू नका.

राहिले तुमचे यजमान. ते चांगले आहेत असं तुम्ही म्हणता ते मला पटतं. ‘मी आहे ना’ हे त्यांनी मनापासूनच म्हटलं असेल. पण जरा हिशोब मांडू. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. जवळपास पाच तास आणि जेमतेम दीड. तुम्ही दुसरी शिफ्ट मागून घेत होतात ती याच पाच तासांसाठी. ते काम तुमच्या वाटणीचं आहे असं तुमच्या घराने, ठेकेदाराने आणि कंपनीने न बोलता गृहीत धरलेलं होतं, आणि त्यातून जी एक फट तुम्ही स्वतःसाठी शोधली होती तीच नोटिशीने बुजवली. सकाळची शिफ्ट लागल्यापासून तुम्ही पहाटे किती वाजता उठता हे तुम्ही लिहिलेलं नाही. यजमानांना विचारून बघा, त्यांना माहीत आहे का.

नोकरी सोडलीत तर हे पाच तास कुठे जाणार नाहीत, फक्त त्यांच्याबरोबरचा पगार जाईल. टेम्पोचं काम कधी असतं, कधी नसतं. तुमच्या पगारावर घरातलं काय काय चालतं त्याची यादी एका संध्याकाळी दोघांनी बसून करा. भांडण म्हणून नाही, नुसती यादी. आणि एक गोष्ट त्यांना जरूर विचारा. कंपनीने तुम्हाला शिफ्टवरून काढलं, यजमान कामावरूनच काढू बघताहेत. हे दोन्ही त्या इन्चार्जला सोयीचंच नाही का? तो तिथेच राहणार, फक्त बघायला तुम्ही नसणार.

‘मी आहे ना’ याचा उपयोग करून घ्यायला मात्र हरकत नाही. अर्ज द्यायला जायच्या दिवशी त्यांना गाडी बंद ठेवायला सांगा आणि सोबत न्या. आत समितीपुढे ते येऊ शकणार नाहीत, बाहेर थांबले तरी पुरे. चौकशीच्या दिवसांत मुलांच्या डब्याचं आणि शाळेचं त्यांच्याकडे द्या. दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडेल, पडू द्या. आणि त्यांना एवढं जरूर बजावा की त्या माणसाला भेटायला, दम द्यायला जायचं नाही. रागाच्या भरात एक थप्पड दिली तर पुढची सगळी चौकशी त्या थपडेभोवती फिरेल.

झोप लागत नाही, स्टोअरच्या दिशेने पाय उचलत नाही, असं होत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि कागद ठेवा. १८१ वर महिला हेल्पलाइन आहे, तिथे बोलता येतं.

उद्या सुट्टी नसेल तर उद्याच बोर्डचा फोटो काढा, रविवारी अर्ज लिहा. सोमवारी देताना क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, मॅडम आल्या की देतो.’ पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. पोच देतच नसतील तर समोरच्या पोस्टातून अध्यक्षांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा, पावती पगारपत्रकांसोबत ठेवा.